जोडी कोणती, हे दोन्ही टोकांना ठाऊक हवं

श्रोतेहो, नमस्कार.

नेहमीच्या इंटरनेटवर पॅकेट हरवलं तर पाठवणारा तेच पुन्हा पाठवतो, कारण प्रत त्याच्याजवळ असते. क्वांटम इंटरनेटची, म्हणजे क्यूबिट (क्वांटम माहितीचं एकक) नेणाऱ्या जाळ्याची, गाडी इथेच अडते. अज्ञात क्यूबिटची हुबेहूब प्रत काढता येत नाही, हे १९८२ सालीच सिद्ध झालंय. म्हणून वाटेत अँप्लिफायर बसवायचीही सोय नाही.

फायबरमध्ये किलोमीटरमागे साधारण ०.२ डेसिबल प्रकाश गळतो. शंभर किलोमीटरवर शंभरातला एक फोटॉन, म्हणजे प्रकाशकण, उरतो. हजार किलोमीटरसाठी सेकंदाला हजार कोटी फोटॉन सोडले, तरी पलीकडे एक पोचायला सरासरी तीनशे वर्षं लागतील!

तेव्हा माहिती थेट पाठवायचीच नाही. छोट्या टप्प्यांवर एंटँगल्ड, म्हणजे ज्यांच्या मापनांचे निकाल एकमेकांशी जुळलेले असतात अशा गुंतलेल्या क्यूबिटच्या जोड्या तयार करायच्या, मधल्या रिपीटरवर (जोडणाऱ्या ठाण्यावर) त्या सांधून एक लांब जोडी करायची आणि मग टेलिपोर्टेशन करायचं, म्हणजे त्या जोडीच्या आधारे क्यूबिटची अवस्था पलीकडे उतरवायची. नाव जादूचं असलं तरी त्यातले दोन साधे बिट नेहमीच्याच तारेने जातात, त्यामुळे प्रकाशापेक्षा वेगाने काहीही पोचत नाही.

आता एकच टप्पा जवळून पाहू. दोन नोड, म्हणजे टोकाची दोन यंत्रं, मधोमध एक स्टेशन, प्रत्येक बाजूला २५ किलोमीटर फायबर. दोन्ही नोड आपापल्या मेमरीशी (क्यूबिट साठवणाऱ्या भागाशी) गुंतलेला एकेक फोटॉन सोडतात. स्टेशनवर ते एकाच क्षणी भेटले, तरच दोघांचं एकत्र मापन होतं, आणि ते साधलं की दोन्ही मेमरी एकमेकींशी गुंततात; साध्या प्रकाशीय मांडणीत हे मापनही जास्तीत जास्त निम्म्या वेळा यशस्वी ठरतं. फोटॉन जायला १२५ मायक्रोसेकंद, निकाल परतायला तेवढेच. म्हणजे एकच मेमरी असेल तर सेकंदाला फार तर चार हजार प्रयत्न, आणि तोवर मेमरीतली अवस्था बिघडतच असते.

खरी गोची पुढे आहे. ‘जमलं’ हा निरोप एका नोडला मिळाला, दुसऱ्याचा वाटेत हरवला. दुसरा मेमरी पुसून पुढच्या प्रयत्नाला लागला. पहिला मात्र नसलेली जोडी वापरत बसला. एररचा संदेश कुठेच येत नाही, नुसते यादृच्छिक बिट हाती लागतात. म्हणून प्रत्येक निरोपात प्रयत्नाचा क्रमांक हवा, आणि जोडीची कोणती मागणी आधी याची रांग दोन्हीकडे तंतोतंत सारखी हवी. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या गटाने २०१९ मध्ये मांडलेल्या लिंक लेयर प्रोटोकॉलचा, म्हणजे शेजारच्या दोन नोडमध्ये जोडी तयार करायच्या नियमांचा, मोठा भाग, माझ्या मते, याच हिशेबाचा आहे.

मागणीत जोड्या किती, किती वेळात आणि किमान किती फिडेलिटीच्या, हे सांगावं लागतं. फिडेलिटी म्हणजे जोडी आदर्श अवस्थेच्या किती जवळ आहे त्याचं माप. सांधणी निर्दोष धरली तरी ०.९५ च्या दोन जोड्या सांधून सुमारे ०.९० ची एक मिळते, तशा चार सांधल्या तर ०.८२ ची. शुद्धीकरण करता येतं, पण ते महाग पडतं: ०.८० च्या दोन जोड्या घ्या, एक खर्ची घाला, तर उरलेली जेमतेम ०.८४ वर जाते. तेही शंभरात सुमारे ७७ वेळाच. बाकीच्या वेळी दोन्ही टाकून द्यायच्या. आणि टाकल्या, हेसुद्धा पलीकडच्या टोकाला कळवायचं.