पेन्सिलीवर फिरणारी टेप

(पडद्यावर : ब्लेड, टेपचा तुकडा, दोन हात. अगदी जवळून.)

ही आवाज रेकॉर्ड करायची, पाव इंच रुंदीची टेप. तुकडा पंधरा इंच लांब. दोन्ही टोकं तिरपी कापायची, एकमेकांना भिडवायची, पाठीमागून चिकटपट्टी लावायची आणि वरून नखानं घासून घ्यायचं. तिरपंच कापायचं, कारण सरळ कापलं तर सांधा हेडवरून, म्हणजे टेपवरचा आवाज वाचणाऱ्या भागावरून, जाताना दर वेळी ‘टक्’ असा आवाज येतो.

झालं टेपचं कडं तयार. १९६६ साली बीटल्स या ब्रिटिश बँडच्या एका गाण्यात अशीच कडी फिरली; ही फिल्म त्याच रेकॉर्डिंगबद्दल.

पण हे कडं स्पूलवर बसत नाही. ते यंत्राच्या बाहेर लोंबतं. म्हणून हातात एक पेन्सिल धरायची आणि कड्याचा मोकळा वळसा तिच्यावर तोलायचा. जास्त ताणलं तर सूर डगमगतो. सैल सोडलं तर टेप हेडपासून सुटते आणि आवाज विझतो. पुण्यातल्या एका मित्राच्या घरी, त्याच्या जुन्या स्पूलच्या यंत्रावर आम्ही हे करून बघितलं. पाच मिनिटांत मनगट भरून आलं.

सेकंदाला साडेसात इंच या वेगानं हे कडं दोन सेकंदांत एक फेरी घेतं. मग दुसरी. मग तिसरी.

(कड्याचा आवाज दहा सेकंद, निवेदनाशिवाय.)

(पडद्यावर : लंडन, ॲबी रोड. झेब्रा क्रॉसिंग, मग पांढरी इमारत.)

या क्रॉसिंगवर फोटो काढायला दिवसभर गर्दी असते. आम्ही कॅमेरा वळवला तो मागच्या इमारतीकडे. १९६६ साली या जागेचं नाव होतं ईएमआय स्टुडिओ, आणि कारभार एखाद्या सरकारी प्रयोगशाळेसारखा. यंत्रं सांभाळणारे तंत्रज्ञ पांढऱ्या कोटात, सामान हलवणारे तपकिरी कोटात. ड्रमच्या किती जवळ माइक न्यायचा याचेसुद्धा नियम ठरलेले.

याच इमारतीत ११ फेब्रुवारी १९६३ या एका दिवसात बीटल्सनी आपल्या पहिल्या अल्बमची दहा गाणी रेकॉर्ड केली होती. तेव्हा रेकॉर्डिंग म्हणजे समोर जे वाजलं ते नीट टिपून ठेवणं. वाजवणारे काचेच्या एका बाजूला, टिपणारे दुसऱ्या बाजूला. तीन वर्षांनी हीच काच नाहीशी झाली, असं मला वाटतं. कशी, तेच या फिल्ममध्ये दाखवायचं आहे.

(पडद्यावर : तंबोरा. तार, मग जव्हारी.)

६ एप्रिल १९६६. स्टुडिओ क्रमांक तीन. ‘रिव्हॉल्व्हर’ या अल्बमचं पहिलं रेकॉर्डिंग. गाण्याला अजून नाव नाही, कागदावर नुसतं ‘मार्क वन’ लिहिलंय. पुढे त्याचं नाव झालं ‘टुमॉरो नेव्हर नोज’.

हे गाणं जवळजवळ सबंध एकाच षड्जावर उभं आहे. खाली तंबोरा चालू. आपल्याला यात नवल वाटत नाही; मैफलीत बसलेल्या माणसाच्या कानाला हीच सवय असते. पण तीन मिनिटांत चार-पाच कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) बदलणाऱ्या पॉप गाण्यासाठी ही मोठीच वेगळी वाट होती.

साउंड इंजिनिअरच्या खुर्चीत त्या दिवशी जेफ एमरिक होता. वय वीस. मुख्य इंजिनिअर म्हणून बीटल्सबरोबर त्याचं हे पहिलंच काम.

हे गाणं गाणाऱ्या जॉन लेननची मागणी होती की त्याचा आवाज डोंगरमाथ्यावरून मंत्र म्हणणाऱ्या दलाई लामांसारखा यावा. निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी एमरिककडे बघितलं.

(पडद्यावर : लेस्ली स्पीकरचं लाकडी कपाट. मागची फळी काढलेली. आत फिरणारा भोंगा.)

हॅमंड ऑर्गनला जोडलेलं असं एक कपाट स्टुडिओत होतं. त्यातला भोंगा गरागरा फिरतो, म्हणून ऑर्गनचा सूर आपल्याकडे येतो, दूर जातो, पुन्हा येतो. एमरिकनं ठरवलं की या भोंग्यातून ऑर्गनऐवजी माणसाचा गळा काढायचा. तंत्रज्ञांनी कपाटाची जोडणी उसवली, लेननचा आवाज आत सोडला आणि समोर माइक लावले. लेनन हरखला. त्याहून सोपा उपाय म्हणून मला दोरीनं छताला टांगा आणि माइकभोवती फिरवा, असं त्यानं सुचवल्याची गोष्ट स्टुडिओतली माणसं पुढे सांगत.

मग ड्रम. एमरिकनं बास ड्रममध्ये चार गळ्यांचा एक लोकरी स्वेटर कोंबला आणि माइक नियम मोडून अगदी तोंडाशी नेला. वर तो सगळा ठोका फेअरचाइल्ड कंप्रेसरमधून, म्हणजे आवाजाचे चढउतार दाबणाऱ्या यंत्रातून, काढला. ड्रम घुमायचा थांबला आणि छातीवर आदळायला लागला.

(पडद्यावर : पुन्हा पेन्सिल. पुन्हा कडं.)

दुसऱ्या दिवशी, ७ एप्रिलला, या गाण्यात टेपची कडी शिरली.

कल्पना बँडमधल्याच पॉल मॅकार्टनीची. तुटक्या, उलट्या, पुन्हा पुन्हा फिरणाऱ्या आवाजांचं संगीत युरोपात नवं नव्हतं. पॅरिसला पिएर शेफरनं १९४८ पासून तेच आरंभलं होतं आणि मॅकार्टनी त्या काळात श्टॉकहाउझेन या जर्मन संगीतकाराला ऐकत होता. घरच्या ब्रेनेल यंत्राचं टेप पुसणारं हेड त्यानं बंद केलं. जुनं पुसलं जाईना, म्हणून प्रत्येक फेरीला आवाजावर आवाज चढत गेला आणि टेप अगदी गच्च भरली. त्यातली पाच कडी गाण्यात लागली. समुद्रपक्ष्यांच्या ओरडण्यासारखा जो आवाज येतो, ते मॅकार्टनीचं हसू आहे, वेग वाढवलेलं. बाकीच्यांत एक सतार आहे, ऑर्केस्ट्राचा एक कॉर्ड आहे, मेलोट्रॉन, म्हणजे टेपवरचे सूर वाजवणारी पेटी, आहे.

पाच कडी एकाच वेळी फिरवायची तर पाच यंत्रं लागणार. ती इमारतीत ठिकठिकाणी होती. आणि प्रत्येक यंत्रापाशी एक पांढरा कोट, हातात पेन्सिल.

इथे थोडं थांबू या. या गाण्याबद्दल बोलताना लेननचं नाव येतं, मॅकार्टनीचं येतं, ते यायलाच हवं. पण त्या संध्याकाळी टेपचा ताण ज्यांच्या मनगटावर होता, ती माणसंसुद्धा हे गाणं वाजवत होती. मला ती साथीला बसलेली माणसं वाटतात, आणि साथीदाराचं नाव घेतल्याशिवाय मैफल पुरी होत नाही.

सगळ्या तारा मिक्सरवर येऊन मिळाल्या. एमरिक आणि मार्टिन फेडरवर, म्हणजे आवाज कमीजास्त करायच्या सरकत्या दांड्यांवर, हात ठेवून बसले. फेडर वर केला की पक्षी ओरडतात, खाली केला की गप्प. मूळ गाणं चालू आहे आणि ही दोघं मनाला येईल तसे आवाज त्यात सोडत आहेत, काढून घेत आहेत. हे मिश्रण जसंच्या तसं पुन्हा करणं कुणालाही शक्य नव्हतं. फेडर हे त्या दिवशी वाद्य झालं.

(पडद्यावर : दोन टेप यंत्रं शेजारी शेजारी. एकाच्या वेगाचं बटण फिरवणारी बोटं.)

आता स्टुडिओतले तंत्रज्ञ केन टाउनसेंड यांचं काम बघा. लेननला एकच ओळ दोनदा गायचा कंटाळा होता. आवाज भरीव व्हावा म्हणून गायकाला तेच पुन्हा, तंतोतंत गावं लागे. एका रात्री सत्र संपवून घरी जाताना टाउनसेंड यांनी यावर विचार केला. एकदा गायलेला आवाज दुसऱ्या यंत्रावर न्यायचा, आणि सेकंदाच्या काही शतांश भागाइतका मागेपुढे करून मूळ आवाजाला परत आणून मिळवायचा. वेग ऑसिलेटरनं किंचित हलता ठेवायचा, म्हणजे दोन माणसं गातात तसा जिवंत फरक राहतो. हेच एडीटी, म्हणजे यंत्रानं केलेला आवाजाचा दुहेरीपणा. आज गाणी रेकॉर्ड करायच्या काही ॲपमध्येही असा परिणाम मिळतो.

(पडद्यावर : रिव्हॉल्व्हरचं कव्हर. कॅमेरा सरकत एका नावावर थांबतो.)

अनिल भागवत, तबला.

‘लव्ह यू टू’ हे बीटल्समधल्या जॉर्ज हॅरिसनचं गाणं. त्याचं काम ११ एप्रिलला सुरू झालं. हॅरिसननं सोळा मात्रांचं काही वाजवायला सांगितलं, बाकी उपज भागवतांवर सोडली. बीटल्सच्या कव्हरवर बाहेरच्या वादकाचं नाव छापलं जाणं ही तेव्हा सहज घडणारी गोष्ट नव्हती. हे कव्हर मी पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा हे नाव दोनदा वाचलं होतं.

(पडद्यावर : मुंबई, फिरोजशहा मेहता रोड. टॅक्सी, हातगाड्या, वरच्या मजल्यांच्या खिडक्या.)

जानेवारी १९६८ मध्ये हॅरिसन मुंबईला आला तो याच रस्त्यावर, एचएमव्हीच्या स्टुडिओत. ‘वंडरवॉल म्युझिक’ या त्याच्या अल्बमसाठी शिवकुमार शर्मांचा संतूर आणि आशिष खाँचा सरोद इथे रेकॉर्ड झाला, आणि बीटल्सच्या ‘द इनर लाइट’ या गाण्याचं वाद्यसंगीतही. लंडनला चार ट्रॅक होते, म्हणजे एकाच टेपवर चार आवाज वेगवेगळे टिपता येत. इथे दोन ट्रॅकचं यंत्र कलकत्त्याहून मागवावं लागलं. खोलीत रस्त्याचा आवाज शिरायचा, आणि कान देऊन ऐकलं तर अल्बममध्ये टॅक्सी जाताना ऐकू येते, असं हॅरिसननंच सांगून ठेवलंय.

(रस्त्याचा आवाज, आठ सेकंद.)

(पडद्यावर : तबकडी फिरते आहे. सुई बाहेरच्या कडेला.)

रिव्हॉल्व्हर ५ ऑगस्ट १९६६ ला बाजारात आला. त्याच महिन्यातल्या अमेरिकेच्या दौऱ्यात त्यातलं एकही गाणं वाजलं नाही, २९ ऑगस्टला सॅन फ्रान्सिस्कोत बीटल्सचा शेवटचा जाहीर दौरा संपला, आणि पॉपचा अल्बम ही मंचापेक्षा स्टुडिओत घडणारी गोष्ट झाली. पुढचा ‘सार्जंट पेपर’ करायला सुमारे सातशे तास लागले.

त्या अल्बममधल्या शेवटच्या गाण्याचे अखेरचे काही सेकंद मात्र दाखवायलाच हवेत.

(सुई तबकडीच्या मध्याकडे सरकते.)

२२ फेब्रुवारी १९६७. ‘अ डे इन द लाइफ’चा अखेरचा कॉर्ड. बरेच हात, एकाच क्षणी, पियानोंच्या पट्ट्यांवर. पट्ट्या दाबूनच ठेवायच्या. कुणी हलायचं नाही. सूर आपोआप विरत जाणार, आणि तो जितका विरेल तितका एमरिक फेडर वर नेणार.

तीस सेकंद. फेडर अजून वर.

चाळीस. आता सुरापेक्षा खोली जास्त ऐकू येते आहे. वातानुकूलन यंत्राची घरघर येते.

आणि ही एक खुर्ची करकरली.

(सुई आतल्या खाचेत. पडदा काळा.)