न मोजलेला रक्तदाब आणि आफ्रिकेतील पक्षाघात

श्रोतेहो, नमस्कार. नायजेरिया आणि घाना या देशांत 2014 ते 2017 या काळात पक्षाघाताच्या दोन हजारांहून अधिक रुग्णांची तुलना साधारण त्याच वयाच्या, पण पक्षाघात न झालेल्या व्यक्तींशी करण्यात आली. 'सायरन' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या अभ्यासातील रुग्णांचे सरासरी वय होते अवघे 59 वर्षे, म्हणजे घर ज्यांच्या कमाईवर चालते अशीही अनेक माणसे त्यांत होती. मधुमेह, रक्तातील वाढलेली चरबी, पोटाचा घेर, हिरव्या पालेभाज्यांचा अभाव, ताटात वरून घेतलेले मीठ ही कारणे त्यात दिसलीच. परंतु उच्च रक्तदाब या सर्वांच्या कितीतरी पुढे होता. तो नसता तर तेथील सुमारे 91 टक्के पक्षाघात टळले असते, असा संशोधकांचा हिशेब आहे.

वाढलेला रक्तदाब बहुधा दुखत नाही, आणि मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट हीच वाटते. वर्षानुवर्षे तो मेंदूच्या खोल भागातील बारीक रक्तवाहिन्या कमकुवत करत राहतो. मग त्यांतील एखादी बंद पडते किंवा फुटते. या रुग्णांपैकी जवळजवळ एकतृतीयांश जणांच्या मेंदूत रक्तस्राव झाला होता, आणि श्रीमंत देशांत हे प्रमाण बरेच कमी असते. रक्तस्राव आहे की गुठळी, हे सीटी स्कॅनशिवाय खात्रीने सांगता येत नाही. गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि रक्तस्रावात तेच घातक ठरते. त्यामुळे जिथे स्कॅनचे यंत्र दूरच्या शहरात आहे, तिथे डॉक्टरांचे हात बांधलेले राहतात.

आफ्रिकेत पक्षाघाताचे प्रमाण सगळीकडे सारखे नाही. टांझानियात किलिमांजारो पर्वताच्या पायथ्याचा हाई हा ग्रामीण जिल्हा आणि दार-एस-सलाम शहर यांची तुलना झाली, तेव्हा वयातील फरक जमेस धरूनही शहरात नव्या पक्षाघातांचे प्रमाण जवळजवळ तिप्पट आढळले.

रक्तदाब उतरवणाऱ्या औषधांच्या निवडीबद्दल आता आफ्रिकेतूनच भक्कम पुरावा मिळाला आहे. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील सहा देशांतील 728 कृष्णवर्णीय रुग्णांवर झालेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'क्रिओल' चाचणीत, ॲम्लोडिपिनसोबत हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा पेरिंडोप्रिल दिल्यास, ॲम्लोडिपिन वगळून या दोन गोळ्या एकत्र देण्यापेक्षा रक्तदाब अधिक उतरला. ॲम्लोडिपिन हे जुने, स्वस्त औषध आहे, आणि ते गावच्या दवाखान्यात महिनोन्‌महिने खंड न पडता मिळायला हवे.