पोलादाची निळाई, पॉलिमरची सोय

[दृश्य: खिडकीतून येणारा उजेड, कापडावर ठेवलेलं पिस्तूल. कॅमेरा स्लाइडच्या कडेवर.]

आधी रंग बघा. पहिल्या नजरेत काळाच वाटतो. उजेड थोडा सरकू द्या, म्हणजे आतून निळा वर येतो. हा रंग वरून दिलेला नाही, पोलादाच्याच अंगातून काढलेला आहे. कसा काढतात, तेही या चित्रणात पुढे आहे.

हे कोल्ट एम १९११. रचना जॉन मोझेस ब्राउनिंग यांची. मार्च १९११ मध्ये अमेरिकी लष्कराने ते स्वीकारलं आणि १९८५ मध्ये त्याच्या जागी दुसरं पिस्तूल निवडलं. मधल्या काळात दोन महायुद्धं झाली, कोरिया आणि व्हिएतनाम झालं, रायफली कितीदा तरी बदलल्या. कमरेचं पिस्तूल तेच राहिलं.

निवडीच्या चाचणीत एकाच पिस्तुलातून ६,००० गोळ्या झाडल्या गेल्या. फार तापलं की पाण्यात बुडवायचं आणि पुन्हा सुरू करायचं. ते एकदाही अडकलं नाही.

[दृश्य: टेबलावर सुटे केलेले भाग, वरून.]

स्क्रू आहेत ते फक्त मुठीच्या दोन लाकडी फळ्यांना. बाकी सगळं एकमेकांत अडकून बसतं. एक भाग दुसऱ्याला धरून ठेवतो, दुसरा तिसऱ्याला. ब्राउनिंग यांची हुशारी इथे दिसते.

नळीच्या खाली लोंबणारी ही छोटी कडी जवळून बघा. गोळी सुटते त्या क्षणी नळी आणि वरची स्लाइड, म्हणजे नळीवर पुढेमागे सरकणारं पोलादी आवरण, एकमेकांत घट्ट अडकलेल्या असतात. नळीच्या पाठीवरचे हे उंचवटे स्लाइडच्या आतल्या खाचांत बसलेले असतात. झटक्याने दोन्ही मिळून थोडं मागे सरकतात. मग ही कडी नळीचं शेपूट खाली ओढते, उंचवटे खाचांतून सुटतात आणि स्लाइड एकटी मागे जाते. जाताना रिकामं काडतूस बाहेर फेकते, घोडा (काडतुसाला ठोका देणारा मागचा भाग) चढवते, आणि स्प्रिंगच्या जोराने परत येताना नवं काडतूस नळीत ढकलते. पापणी लवायच्या आत हे सगळं उरकतं. शंभर वर्षांनंतरही या युक्तीची जागा घेणारं फारसं काही आलेलं नाही. हे लक्षात ठेवा, पॉलिमरच्या, म्हणजे प्लास्टिकच्या, पिस्तुलांकडे गेल्यावर कामाला येईल.

[दृश्य: कारागीराचे हात, कानस, स्लाइड फ्रेमवर, म्हणजे खालच्या सांगाड्यावर, सरकवून बघणं.]

लष्करासाठी बनलेली १९११ मुद्दाम थोडी सैल असायची. कुठल्याही पिस्तुलाचा भाग कुठल्याही पिस्तुलात बसला पाहिजे आणि आत चिखल गेला तरी ते चाललं पाहिजे, ही अट होती. नेमबाजीच्या स्पर्धांसाठी मात्र हेच पिस्तूल हाताने घट्ट करतात. बघा, दोन-चार वेळा कानस फिरते. स्लाइड बसवून बघतात, काढतात, जिथे घासल्याची चमक दिसते तेवढ्याच जागी पुन्हा कानस. घाई केली तर जास्त निघतं, आणि निघालेलं पोलाद परत लावता येत नाही. काम पुरं झालं की स्लाइड तेलावर अलगद सरकते, पण बाजूला जराही हलत नाही.

आता तो रंग. जुन्या पद्धतीचं ब्लूइंग म्हणजे खरं तर ताब्यात ठेवलेला गंज. आधी पॉलिश. खरखरीत कागदापासून बारीक कागदापर्यंत, एकाच दिशेने. सपाट बाजू सपाटच राहिली पाहिजे, कडा बोथट होता कामा नये, कोरलेली अक्षरं पुसट होता कामा नयेत. चाकावर धरून पटकन चमकवलेलं पिस्तूल जाणत्याला लांबून कळतं, कारण त्याच्या भोकांच्या कडा खोलगट होऊन पसरलेल्या असतात. मग भाग तेलमुक्त करायचा. इथून पुढे बोटाचा ठसासुद्धा चालत नाही. त्यावर आम्लाचं पातळ मिश्रण पुसून भाग दमट पेटीत ठेवतात. काही तासांनी त्यावर तांबूस गंजाची मऊ साय येते.

[दृश्य: उकळत्या पाण्यात उतरणारी नळी. रंग बदलताना.]

हे दृश्य बघाच. तांबडी नळी उकळत्या पाण्यात गेली आणि डोळ्यांदेखत काळी होऊन बाहेर आली. तांबडा गंज हे लोहाचं एक ऑक्साइड, काळा थर हे दुसरं. पहिलं पोलाद खातं, दुसरं त्याला जपतं. वरची भुकटी बारीक तारेच्या ब्रशने उतरवायची आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून करायचं. प्रत्येक फेरीत रंग गडद होतो. हव्या त्या खोलीपर्यंत जायला अशा कितीतरी फेऱ्या लागतात, आणि मधल्या एका फेरीत डाग पडला तर पुन्हा पॉलिशपासून सुरुवात. पुढे कारखान्यांनी गरम क्षारांच्या टाकीत बुडवून हेच काम मिनिटांवर आणलं. तेही सुंदरच दिसतं, पण त्यातही खरी मेहनत टाकीच्या आधीच्या पॉलिशमध्येच असते. कोल्टने १९५५ मध्ये पायथन हे रिव्हॉल्व्हर काढलं, त्याच्या ‘रॉयल ब्लू’ चमकेचं नाव आजही घेतलं जातं ते त्या पॉलिशमुळे.

[दृश्य: ब्राउनिंग हाय-पॉवर, डाव्या बाजूने, मग मूठ.]

हे हाय-पॉवर. ब्राउनिंग यांचं शेवटचं काम, आणि ते त्यांच्या हातून पुरं झालं नाही. १९२६ मध्ये बेल्जियमच्या लिएज इथे, एफएन या शस्त्रं बनवणाऱ्या कंपनीच्या कारखान्यात त्यांचं निधन झालं. पिस्तूल पूर्ण केलं दियोदोने सैव्ह यांनी, १९३५ मध्ये. मॅगझिनमध्ये, म्हणजे मुठीत बसणाऱ्या काडतुसांच्या पेटीत, काडतुसं दोन आळीपाळीच्या रांगांत रचून १३ बसवली. १९११ मध्ये ७ बसत. तरीही मूठ बघा, हातात भरून राहते, बोजड होत नाही. स्लाइड पुढे निमुळती होते, घोडा मागे गोल, अक्रोडाच्या फळ्यांवर चौकटींची बारीक कोरणी. एकही रेघ उगाच नाही. या चित्रणात जेवढी पिस्तुलं आली त्यात सर्वांत देखणं हेच.

[दृश्य: साचा बंद होतो, उघडतो. काळी फ्रेम बाहेर पडते.]

आणि ही दुसरी पद्धत. वितळलेलं नायलॉन साच्यात दाबाने शिरतं. साच्यात पोलादाचे छोटे तुकडे आधीच ठेवलेले असतात, पुढे त्यांच्यावरच स्लाइड धावायची असते. साचा उघडतो आणि फ्रेम तयार. पोलादी फ्रेमला घडाई लागते, मग एकामागून एक मशीनवरचं काम, मग पॉलिश, मग रंग. इथे रंगसुद्धा प्लास्टिकमध्येच मिसळलेला. ओरखडा पडला तरी आत काळंच.

पॉलिमर फ्रेमचं पहिलं पिस्तूल ग्लॉक नव्हे. जर्मनीच्या हेकलर अँड कॉखने व्हीपी ७० हे १९७० मध्येच आणलं होतं, पण त्याचा चाप फार जड होता आणि ते चाललं नाही. १९८० च्या सुमारास ऑस्ट्रियाच्या लष्कराला नवं पिस्तूल हवं होतं. गास्टन ग्लॉक हे लष्कराला सुऱ्या पुरवणारे कारखानदार. बंदूक कधी बनवलेली नव्हती, पण साच्यातून प्लास्टिक काढायचं तंत्र पक्कं माहीत होतं. जाणकारांना बोलावून त्यांना पिस्तुलात काय हवं ते विचारून घेतलं आणि थोड्या काळात नमुना उभा केला. १९८२ मध्ये लष्कराने ग्लॉक १७ स्वीकारलं.

दिसायला ते ठोकळा आहे. हे सांगायला संकोच नको. सरळ रेषा, चौकोनी स्लाइड, बाहेर घोडा नाही, बाजूला सुरक्षेचा खटका नाही. पण हातात घेणाऱ्याचे फायदे खरे आहेत. रिकाम्या मॅगझिनसह १९११ सुमारे १,१०० ग्रॅम भरतं, ग्लॉक १७ सुमारे ७०० ग्रॅम. मॅगझिनमध्ये १७ काडतुसं. दिवसभर कमरेला वागवणाऱ्याला हा फरक संध्याकाळी कळतो. घामाने फ्रेम गंजत नाही, कडाक्याच्या थंडीत हाताला चटका देत नाही. स्लाइडवर पोलाद कडक करणारी प्रक्रिया केलेली असते, तिच्यापुढे जुनं ब्लूइंग गंजाला फार काळ अडवू शकत नाही. चाप पहिल्या गोळीला आणि शेवटच्या गोळीला सारखाच ओढावा लागतो, त्यामुळे नवख्याला शिकवणं सोपं जातं. सुटे भाग मोजकेच, बदलायला हत्यारंही मोजकी.

१९८० च्या दशकात अमेरिकेत हाकाटी उठली होती की हे प्लास्टिकचं पिस्तूल तपासणी यंत्रांतून निसटेल. त्यात तथ्य नव्हतं. नळी पोलादी, स्लाइड पोलादी, वजनाने बघितलं तर बहुतेक पिस्तूल पोलादीच. तरी त्या भीतीने चर्चा पेटली आणि १९८८ मध्ये यंत्रांना न सापडणाऱ्या शस्त्रांवर तिथे कायदाही झाला.

सोयीची किंमतही आहे. ग्लॉक खोलण्याआधी चाप ओढावाच लागतो, आणि नळीत काडतूस राहून गेलं असेल तर गोळी सुटते. अशा अपघातांत माणसं जखमी झाली आहेत, दगावली आहेत.

[दृश्य: ग्लॉकची नळी आणि हाय-पॉवरची नळी शेजारी शेजारी.]

आता ती लक्षात ठेवलेली गोष्ट. डावीकडची नळी ग्लॉकची, उजवीकडची हाय-पॉवरची. लोंबती कडी दोन्हीत नाही. ब्राउनिंग-सैव्ह यांनी तिच्या जागी नळीखाली उतार असलेला घट्ट भाग दिला. ग्लॉकमध्ये तोच उतार आहे. पाठीवरचे उंचवटे गेले, नळीचा मागचा चौकोनी माथाच स्लाइडच्या खिडकीत अडकतो. पण नळी आणि स्लाइड मिळून मागे जातात, नळीचं शेपूट खाली झुकतं, स्लाइड सुटते. क्रम तोच, १९११ चा. ज्याला नवं म्हणतो त्याच्या पोटात ब्राउनिंगच आहेत. प्लास्टिकने बदललं ते बाहेरचं अंग आणि बनवायची रीत.

सैन्यांनी हिशोब केव्हाच केला. ब्रिटनने २०१३ मध्ये हाय-पॉवर सोडून ग्लॉक घेतलं, अमेरिकेने २०१७ मध्ये सिग सॉअरचं पॉलिमर पिस्तूल.

[दृश्य: नेमबाजी, संथ गतीत. आधी ग्लॉक, मग पोलादी फ्रेमचं पिस्तूल.]

संथ गतीत नळीचं तोंड बघा. पॉलिमरच्या पिस्तुलात ते जास्त वर उडतं. पोलादी पिस्तुलात वजनच झटका गिळतं, तोंड थोडं उठतं आणि लगेच जागेवर येतं. फ्रेम जराशी लवून झटका सोसते हे पॉलिमरबद्दल सांगतात ते खरं आहे, पण वजनाची भरपाई त्याने होत नाही. म्हणूनच जिथे पिस्तूल दिवसभर वागवायचं नसतं, फक्त लागोपाठ अचूक गोळ्या झाडायच्या असतात, तिथे पोलाद परतलं आहे. चेक कंपनीचं सीझेड शॅडो २ हे स्पर्धेचं पिस्तूल १,३३० ग्रॅमचं आहे. १९११ पेक्षाही जड, आणि ते जाणूनबुजून. त्याचं मूळ १९७५ च्या सीझेड ७५ मध्ये आहे, तेही पोलादी.

हाय-पॉवरचं उत्पादन एफएनने थांबवलं होतं. २०२२ मध्ये त्याच नावाने नवी रचना आणावी लागली, कारण मागणी मेली नव्हती. कोल्टने पायथन २०२० मध्ये परत आणलं, तेव्हा आधी निळं नव्हे तर स्टेनलेस. ब्लूइंगचं ते पॉलिश करणारे हात मधल्या वर्षांत पांगले की ते हात पुन्हा तयार करायला वेळ लागतो, साचा विकत घेतला की काम झालं असं इथे होत नाही. कारागीर टिकवायचे तर आजच त्यांच्याजवळ शिकायला माणसं बसली पाहिजेत.

[दृश्य: वॉल्थरची पोलादी फ्रेम, यंत्रावर.]

आणि हे वॉल्थर. पॉलिमरच्या पिस्तुलांवर नाव कमावल्यानंतर कंपनीने स्पर्धेसाठी त्यातलंच एक पोलादी फ्रेममध्ये काढलं. चाप तोच, आतली यंत्रणा तीच. बदलली ती फ्रेम, आणि ती साच्यातून आलेली नाही. पोलादाच्या अख्ख्या ठोकळ्यातून कोरून काढलेली आहे.