दोरा टेकवणारा हात

हा हात नीट बघा. बोटांत धरलेला दोरा नायलॉनचा आहे, त्याला फॉन फ्राय फिलामेंट म्हणतात. मॅक्स फॉन फ्राय यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही युक्ती काढली, तेव्हा ते घोड्याचे केस वापरत. दोरा टेकवायचा आणि तो वाकेपर्यंत दाबायचा. जाड दोऱ्याला वाकायला जास्त जोर लागतो, म्हणून स्पर्शाचं माप घेता येतं.

माणसाच्या चेहऱ्यात नसेमुळे उठणाऱ्या कळा समजून घेण्यासाठी या उंदराच्या डोळ्याखालून मिशांकडे जाणाऱ्या नसेभोवती, भूल देऊन, दोन गाठी मारल्या आहेत. सैल गाठी. करकचून आवळल्या तर नस मरेल आणि गाल नुसता बधिर होईल. 1994 साली ही पद्धत प्रसिद्ध झाली. पहिले दोन आठवडे तो गाल स्पर्शाला फारसा प्रतिसाद देत नाही, मात्र उंदीर पंजाने तोंड पुसत राहतो. मग चित्र पालटतं.

(निवेदन नाही. फक्त चित्र.)

डोकं मागे घेतलं. दोऱ्यावर झेपावला. आता एकाच बाजूने तोंड पुसतोय. वहीत प्रत्येक हालचालीला आकडा आहे.

औषधांचा क्रम मात्र उलटा आहे: आधी माणूस, मग उंदीर. अपस्मारावरचं फेनिटॉइन चेहऱ्याच्या कळांवर 1942 साली फ्रान्समध्ये माणसांनाच देऊन पाहिलं गेलं. कार्बामाझेपिन 1962 साली, तेही रुग्णांनाच. नसेच्या पेशींमधल्या सोडियमच्या वाटा ते अडवतं, त्यामुळे फिट असो की कळ, विजेचा तो लोंढा मंदावतो. उंदराला विचारायला आपण बत्तीस वर्षांनी आलो.

आणि उंदराने वेगळंच उत्तर दिलं. 1999 सालच्या एका अभ्यासात नसेला अशा गाठी मारलेल्या उंदरांवर कार्बामाझेपिन चाललं नाही, मॉर्फिनही नाही. चाललं ते बॅक्लोफेन, म्हणजे स्नायूंचा ताठरपणा घालवणारं औषध. माणसात बहुतेकदा मेंदूजवळ नसेच्या मुळावर रक्तवाहिनी दाबते. कळ क्षणभर येते, जाते, मध्ये शांतता असते. उंदराच्या गालात इजा कायम आहे. आमच्या मते हा प्रयोगाचा पराभव नाही, प्रश्न नेमका करण्याची ही सुरुवात आहे.

हा फिरणारा दांडा रोटारॉडचा, म्हणजे तोल तपासणाऱ्या यंत्राचा. उंदीर त्यावरून घसरला, तर औषधाने दुखणं कमी झालं की नुसती गुंगी आली, ही शंका येते. आधी ती फेडायची, मगच दुखण्याचे आकडे वाचायचे. माणसातही कार्बामाझेपिनने गुंगी येते, रक्तातलं सोडियम उतरतं. प्रयोग संपला की उंदरांना वेदना न देता मारतात.

पुन्हा तोच हात. कोणत्या पिंजऱ्यात औषध, कोणत्यात नुसतं सलाइन, हे त्याला सांगितलेलं नाही. दोरा टेकतो. वाकतो.

उंदीर हलत नाही. वहीत शून्य.

पुढचा पिंजरा.