हतनूरच्या उथळ पाण्यावर

खानदेशाला समुद्र नाही. पण चांगदेवजवळ पूर्णा तापीला मिळते आणि दोघींचं पाणी हतनूर धरणामागे पसरतं, तेव्हा पलीकडचा काठ धुक्यात हरवतो. मे महिन्यात अंग भाजून काढणाऱ्या याच भुसावळच्या परिसरात जानेवारीच्या पहाटे बोटं बधिर होतात. पाखरं बघायची तर हीच वेळ.

आधी आवाज येतो. मग पाण्यावरचा काळा पट्टा हलू लागतो. ते वारकरी, म्हणजे काळे पाणपक्षी, शेकड्यांनी. त्यांच्यात केशरी डोक्याची, लाल चोचीची मोठी लालसरी बदकं. नर इतका देखणा की दुर्बीण खाली ठेववत नाही.

ही पाखरं इथेच का उतरतात? पूर्णा वऱ्हाडची काळी माती घेऊन येते. तो गाळ वर्षानुवर्षं इथे साचला. धरणाची साठवण त्यानं घटली, ही चिंतेचीच गोष्ट. पण त्याच गाळानं काठ उथळ झाले, पाणवनस्पती वाढल्या. लालसरी बुडी मारून त्या खाते. तलवार बदकाला तेवढी बुडी जमत नाही. ते शेपटी वर करून, मान पोहोचेल तिथपर्यंतच चरतं. थापट्या बदक तर चोचीनं पाणी गाळत फिरतं. पाण्याच्या खोलीप्रमाणे पंगती ठरलेल्या.

हिवाळा सरू लागतो तसं पाणी ओसरतं, उघड्या पडलेल्या गाळावर काठची माणसं गाळपेरा करतात. पट्टकादंब हंस दिवसा पाण्याकाठी विसावतात आणि अंधार पडला की हरभऱ्या-गव्हाच्या कोवळ्या पिकात उतरतात. शेतकऱ्याचं नुकसान होतं, ते खरंच आहे. पण डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हा पक्षी तिबेट, लडाख, मध्य आशियातल्या सरोवरांवरून हिमालय ओलांडून आलेला असतो. ७ हजार मीटरहून उंच उडताना त्याची नोंद झाली आहे.

म्हणून एक कळकळीची विनंती. फोटोसाठी होडी थव्यात घालू नका. परतीच्या प्रवासाची चरबी त्यांना इथेच साठवायची असते, आणि प्रत्येक वेळी उठवलेला थवा ती खर्च करतो. काठावर बसा, बोलणं थांबवा. थोड्या वेळानं तलवार बदकं आपणहून जवळ सरकतात.

मार्चमध्ये थवे विरळ होऊ लागतात. आधी हंस निघतात. वारकरी मात्र त्यानंतरही बरेच दिवस दिसत राहतात, आणि त्यांतले काही तर उन्हाळाभर इथेच असतात.