काँकार्नोच्या होड्या, ओपस २२१

श्रोतेहो, नमस्कार. रेडिओवरून चित्र दाखवता येत नाही, पण आजच्या चित्राचं नावच संगीतातलं आहे: 'मावळता सूर्य, सार्डिनची मासेमारी, अडाजिओ, ओपस २२१'. ओपस म्हणजे संगीतकाराच्या रचनेला दिलेला क्रमांक. चित्रकार पॉल सिन्याक, साल १८९१, ठिकाण फ्रान्समधल्या ब्रिटनीचं काँकार्नो बंदर. सार्डिन म्हणजे आपल्या तारलीच्याच गोतातली मासळी.

काँकार्नोला सिन्याकनं अशी पाच चित्रं रंगवली आणि प्रत्येकाला एकेक लय दिली. अडाजिओ ही संथ लय. पिवळा-नारिंगी उजेड, त्यावर निळ्या-जांभळ्या होड्यांच्या आडव्या रांगा, आणि सगळं शुद्ध रंगांच्या बारीक ठिपक्यांनी रचलेलं. ही ठिपक्यांची रीत त्याचा मित्र जॉर्ज सरा याची. त्याच वर्षी मार्चमध्ये सरा वारला, अवघ्या एकतिसाव्या वर्षी. चित्रातल्या स्तब्धतेत ते दुःख आहे असं कुणी म्हणेल. मला तसं वाटत नाही. मला त्यात दर्यावर्दी माणसाची नजर दिसते. सिन्याक स्वतः शिडाच्या होड्या हाकायचा, आयुष्यात त्यानं कितीतरी होड्या बाळगल्या.

सार्डिनची मासेमारी नीट समजून घेतली की ही शांतता वेगळीच दिसू लागते. जागेवर पोचल्यावर होडीची डोलकाठी आडवी करायची. वल्हेकऱ्यांनी वल्ही मारत होडीचं तोंड वाऱ्याकडे धरून ठेवायचं, म्हणजे मागे सोडलेलं जाळं पाण्यात सरळ लोंबतं. जाळं बारीक सुताचं, निळं रंगवलेलं, माशाला दिसू नये म्हणून. तांडेल मागच्या बाजूला उभा राहून मूठमूठ आमिष फेकतो. आमिष कसलं, तर कॉड माशाची खारवलेली गाबोळी, आणि तीही नॉर्वेहून आणलेली, चांगली महाग! ती खायला झुंड वर येते आणि जाळ्यात कल्ल्यांशी अडकते. होडी भलतीकडे वळली की जाळं तिरपं होणार, आणि महागाची गाबोळी वाया जाणार. म्हणजे लांबून निवांत दिसणाऱ्या त्या होड्यांत प्रत्येकाचे हात गुंतलेले आहेत.

१९०२ च्या सुमाराला या किनाऱ्यावरून सार्डिन जवळजवळ नाहीशीच झाली. मासळी डबाबंद करणारे कारखाने थंडावले, कोळ्यांच्या घरी हाल सुरू झाले. त्यांच्या मदतीसाठी काँकार्नोत १९०५ साली 'निळ्या जाळ्यांचा उत्सव' सुरू झाला.

सिन्याक मात्र १८९२ मध्येच दक्षिणेला सेंट-ट्रोपेकडे गेला, आणि पुढे चित्रांना ओपस क्रमांक देणंही त्यानं सोडलं. ओपस २२१ आता न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात आहे, आणि त्याच मालिकेतलं संध्याकाळचंच ओपस २२० तिथल्याच मेट्रोपॉलिटन संग्रहालयाकडे. तिकडे कुणी नातेवाईक असतील तर त्यांना जरूर कळवा. दोन्ही चित्रं मांडलेली असतील तर आधी २२० बघा म्हणावं, कारण त्याची लय अलेग्रो, म्हणजे जलद. मग २२१ समोर जरा जास्त वेळ थांबा.