अक्षर कोणाचं, नाव कोणाचं

मित्रहो, संगणकावर फॉन्टची यादी उघडा. गॅरामॉन्ड, बेम्बो, जॅन्सन, फ्रँकलिन गॉथिक, टाइम्स न्यू रोमन, हेल्व्हेटिका अशी नावं एकाखाली एक दिसतात. लिप्यांच्या इतिहासाचं पुस्तक उघडलं तर ब्राह्मी, खरोष्ठी, सिरिलिक, लिनिअर बी. आपण ही नावं इतक्या सहज घेतो, की ती त्या अक्षरांबरोबरच जन्माला आली असावीत असं वाटतं. प्रत्यक्षात अक्षराचं बारसं करणारा माणूस बहुतेक वेळा मागाहून आलेला असतो. कधी तो संशोधक असतो, कधी विक्रेता, कधी चक्क विरोधक. अक्षर ज्याच्या हातून उतरलं तो या सगळ्यात बाजूला राहतो, आणि ही गोष्ट मला मनापासून खुपते. आज त्याबद्दलच बोलणार आहे.

सुरुवात ब्राह्मीपासून करतो. अशोकाच्या शिलालेखांत या लिपीचं नाव कुठेही नाही. तिथे ‘धंमलिपि’ असा शब्द येतो, पण त्याचा अर्थ धर्मविषयक लेख, एवढाच. वायव्येला शाहबाजगढी आणि मानसेहरा इथे हेच लेख खरोष्ठीत कोरले आहेत आणि तिथे ‘लिपि’च्या जागी ‘दिपि’ आहे. प्राचीन पर्शियन भाषेतही हा शब्द ‘दिपि’ असाच आहे. म्हणजे आपला ‘लिपी’ हा शब्दसुद्धा इराणच्या हखामनी राजवटीच्या दफ्तरांतून आपल्याकडे आला असावा, असं अभ्यासक मानतात.

1837 मध्ये जेम्स प्रिन्सेपनं ही लिपी उलगडली. सांचीच्या कठड्यांवर छोटे छोटे लेख आहेत आणि त्यांतले बरेचसे एकाच अक्षरजोडीनं संपतात. इतके आखूड आणि सारखे संपणारे लेख राजाज्ञा असणार नाहीत, देणगीदारांचे असतील, हे त्याच्या ध्यानात आलं. त्यानं शेवटचा शब्द ‘दानं’ असा धरला, ‘द’ आणि ‘न’ हाती लागले आणि बाकीचं कुलूप उघडत गेलं. पण लिपी वाचता आली तरी तिला नाव नव्हतंच. स्तंभांवर सापडते म्हणून लोक तिला लाट लिपी म्हणत. नाव मिळालं ते 1880 च्या दशकात. ‘ललितविस्तर’ या बौद्ध ग्रंथात 64 लिप्यांची यादी आहे. तिच्यात पहिली ब्राह्मी, दुसरी खरोष्ठी. चिनी बौद्ध परंपरेत ब्राह्मी डावीकडून उजवीकडे आणि खरोष्ठी उजवीकडून डावीकडे लिहितात, असं नोंदवलेलं आहे. तेरियां द लाकुपेरी यांनी ही सांगड घातली, ग्यॉर्ग ब्यूलर यांनी ती उचलून धरली आणि दोन हजार वर्षांहून जुन्या अक्षरांना आज आपण जे नाव घेतो ते चिकटलं. जोडणी समर्थ पुराव्यावर उभी आहे, याबद्दल मला शंका नाही. पण तो कोरणारा कारागीर आपल्या कामाला काय म्हणत होता, ते दगडावर नाही.

इजिप्तचंही तेच. ‘हायरोग्लिफ’ हा शब्द ग्रीक आहे: पवित्र कोरीव खुणा. स्वतः इजिप्शियन लोक या लेखनाला ‘मेदु नेचेर’ म्हणत, म्हणजे देवाचे शब्द. मेसोपोटेमियाच्या कीलाकार लिपीचं नाव तर निव्वळ आकारावरून पडलं. थॉमस हाइड या ऑक्सफर्डच्या विद्वानानं 1700 मध्ये तिच्या खुणांना पाचरीच्या आकाराच्या म्हटलं. त्या खुणा लेखन आहेत हे मात्र त्याला पटलं नव्हतं, तो त्यांना नक्षी समजत होता. लेखन न मानणाऱ्या माणसाचं विशेषण त्या लिपीला आज जगभर आहे.

सिरिलिकची कथा याहून वेगळी. रशिया, बल्गेरिया, सर्बिया, मंगोलिया अशा देशांत वापरली जाणारी ही लिपी संत सिरिल यांच्या नावानं ओळखली जाते. नवव्या शतकातल्या या धर्मप्रसारकाचं मूळ नाव कॉन्स्टंटाइन. 869 मध्ये रोममध्ये मृत्यू आला, त्याआधी थोडेच दिवस संन्यास घेताना त्यांनी सिरिल हे नाव धारण केलं. त्यांनी स्लाव्ह भाषेसाठी लिपी घडवली, हे खरं. पण ती होती ग्लागोलिटिक. गोल-गोल, वेटोळ्यांची, दुसऱ्या कुठल्याच लिपीसारखी न दिसणारी. आज जिला सिरिलिक म्हणतात ती त्यांच्या मृत्यूनंतर बल्गेरियात, प्रेस्लाव्हच्या परिसरात, शिष्यपरंपरेनं ग्रीक मोठ्या अक्षरांवरून बांधली. गुरूंच्या नावे शिष्यांनी केलेलं काम, असं म्हणून हे समजूनही घेता येईल. तरी गुरूंनी स्वतः जे घडवलं त्यावर त्यांचं नाव नाही आणि त्यांनी जे पाहिलंही नाही त्यावर आहे.

आता छापील अक्षरांकडे वळू. मराठीत ‘नाव ठेवणं’ आणि ‘नावं ठेवणं’ यांत एका अनुस्वाराचा फरक आहे. टाइपांच्या इतिहासात या दोन्ही क्रिया पुष्कळदा एकाच वेळी घडल्या. गुटेनबर्गनं 1455 च्या सुमारास जे बायबल छापलं त्याची काळीभोर, टोकदार, दाट अक्षरं आपण ‘गॉथिक’ म्हणतो. ही अक्षरं मध्ययुगातल्या उत्तर युरोपच्या लेखनिकांची. गॉथ लोकांचा त्यांच्याशी काहीही संबंध नाही. गॉथांनी रोम लुटलं ते 410 मध्ये, या वळणाच्या कितीतरी शतकं आधी. इटलीतल्या मानवतावादी पंडितांना ही अक्षरं रानटी वाटली, म्हणून त्यांनी रानटी लोकांचं नाव दिलं.

त्या पंडितांना स्वतःला हवी होती प्राचीन रोमची अक्षरं. पोज्जो ब्राचोलिनी आणि त्याच्या सोबत्यांनी फ्लॉरेन्समध्ये पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला जुन्या हस्तलिखितांतलं स्वच्छ, मोकळं वळण उचललं आणि त्याला ‘लित्तेरा आंतिक्वा’, प्राचीन अक्षर, म्हटलं. जर्मनीत या वळणाच्या टाइपाला अजूनही ‘अँटिक्वा’ म्हणतात. बाकी जग ‘रोमन’ म्हणतं. पण ज्या हस्तलिखितांवरून ते घेतलं ती रोमन नव्हती. शार्लमेनच्या काळापासून, म्हणजे आठव्या-नवव्या शतकापासून, फ्रँक राज्यातल्या मठांमध्ये रुळलेलं ते वळण होतं. रोमन अक्षरमालेतली मोठी अक्षरं खरोखर रोमची आहेत. 113 मधल्या ट्रेजनच्या स्तंभावर ती पाहता येतात. छोटी अक्षरं मात्र मुळात फ्रँकांची, आणि फ्रँक हे गॉथांसारखेच जर्मानिक लोक! ज्यांना रानटी म्हणून हिणवलं त्यांच्याच भावकीचं अक्षर ‘रोमन’ म्हणून डोक्यावर घेतलं गेलं.

ही नावं केवळ पंडितांच्या वादापुरती राहिली नाहीत. 3 जानेवारी 1941 ला नाझी पक्षाच्या वतीनं मार्टिन बोरमाननं एक परिपत्रक काढलं. तथाकथित गॉथिक अक्षरं ही मुळात ज्यूंची अक्षरं आहेत, म्हणून यापुढे अँटिक्वा हेच प्रमाण अक्षर, असं त्यात फर्मावलं होतं. हा दावा धादांत खोटा होता. ज्या कागदावर ते परिपत्रक निघालं त्याच्या माथ्यावर पक्षाचं नाव त्याच काळ्या, टोकदार वळणात छापलेलं होतं. अक्षराला चिकटवलेलं नाव द्वेषाचं हत्यार कसं होतं, हे पाहायचं तर तो कागद पाहावा.

टोकाला सेरिफची बारीक रेघ नसलेली अक्षरं छापखान्यात आली तेव्हाही असाच गोंधळ झाला. 1816 च्या सुमारास चौथ्या विल्यम कॅस्लननं असा पहिला टाइप आपल्या नमुनापुस्तकात दाखवला. फक्त मोठी अक्षरं, एक ओळ, आणि नाव ‘इजिप्शियन’. नेपोलियनच्या 1798 च्या स्वारीनंतर युरोपात इजिप्तचं वेड होतंच. पुढे हेच नाव नेमक्या उलट वळणाच्या, जाड चौकोनी सेरिफांच्या टाइपांना गेलं. सेरिफ नसलेल्यांना 1832 मध्ये विल्यम थोरोगुडनं ‘ग्रोटेस्क’ म्हटलं, म्हणजे विचित्र. अमेरिकेत त्यांनाच ‘गॉथिक’ म्हणू लागले. फ्रँकलिन गॉथिक हा टाइप गुटेनबर्गच्या गॉथिकसारखा मुळीच दिसत नाही, तो यामुळे. 1957 मध्ये स्वित्झर्लंडच्या हास फाउंड्रीत, म्हणजे टाइपांच्या ओतशाळेत, एडुआर्ड हॉफमन आणि माक्स मीडिंगर यांनी केलेल्या टाइपाचं नाव होतं ‘नॉये हास ग्रोटेस्क’. परदेशी बाजारात हे चालणार नाही म्हणून ‘हेल्व्हेशिया’, म्हणजे देशाचंच लॅटिन नाव, सुचवलं गेलं. देशाचं नाव टाइपाला देणं हॉफमनना रुचेना; मग झालं ‘हेल्व्हेटिका’, स्विस.

आता गॅरामॉन्डबद्दल जरा सविस्तर बोलतो. क्लोद गॅरामॉन्ड हा पॅरिसचा पंच कापणारा कारागीर 1561 मध्ये वारला. पंच म्हणजे पोलादी दांडीच्या टोकावर उलटं कोरलेलं अक्षर. तो तांब्यात ठोकला की साचा होतो आणि त्या साच्यात खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, ओततात. फ्रान्सच्या सरकारी मुद्रणालयात एक जुना संच होता आणि तो गॅरामॉन्डचा समजला जाई. विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचविशीत अमेरिकन आणि इंग्रजी कंपन्यांनी त्यावरून ‘गॅरामॉन्ड’ टाइप काढले. बिआट्रिस वॉर्ड या तरुण अभ्यासिकेला मात्र प्रश्न पडला: सोळाव्या शतकातल्या एकाही पुस्तकात ही अक्षरं कशी दिसत नाहीत? शोध घेता घेता पॅरिसच्या माझारीन ग्रंथालयात तिला 1621 चं नमुनापुस्तक सापडलं. सेदां इथल्या झां झानों या मुद्रकाचं. तीच अक्षरं, तेच उभ्या दांड्यांच्या माथ्यावरचे तीव्र उताराचे सेरिफ. गॅरामॉन्ड जाऊन साठ वर्षं झालेली होती. तिनं हा शोध 1926 मध्ये ‘द फ्लूरॉन’ या नियतकालिकात पॉल बोझों या टोपणनावानं प्रसिद्ध केला. मोनोटाइप या इंग्रजी टाइप-कंपनीनं या बोझों महाशयांना नोकरी देऊ केली, तेव्हा समोर एक स्त्री आली. शोधही दुसऱ्याच्या नावानं जगासमोर यावा, हे मला फार बोलकं वाटतं. आणि आज मायक्रोसॉफ्ट ऑफिसमध्ये जो ‘गॅरामॉन्ड’ मिळतो तो मोनोटाइपचा, म्हणजे झानोंचा.

जॅन्सनचंही असंच. लाइपझिगच्या अँटन जॅन्सनच्या नावानं विकला जाणारा टाइप प्रत्यक्षात मिक्लोश किश या हंगेरियन कारागिरानं 1685 च्या सुमारास ॲम्स्टरडॅममध्ये कोरला होता. हे 1954 मध्ये सिद्ध झालं. नाव अजून जॅन्सनच.

ज्याच्याबद्दल मला सर्वांत जास्त बोलावंसं वाटतं तो माणूस म्हणजे फ्रान्चेस्को ग्रिफो, बोलोन्याचा. व्हेनिसचा प्रकाशक आल्डस मॅन्युशियस यानं 1496 मध्ये पिएत्रो बेम्बोचं एटना ज्वालामुखीवरचं छोटं पुस्तक छापलं. त्याची अक्षरं ग्रिफोनं कापली. टाइपाचं नाव पडलं बेम्बो, लेखकावरून. 1501 मध्ये आल्डसनं व्हर्जिलचं खिशात मावेल असं पुस्तक काढलं, सबंध तिरक्या वळणात. मोठी अक्षरं तेवढी सरळ उभी. हाच पहिला इटॅलिक. त्या पुस्तकात आल्डसनं तीन ओळींची कविता घालून बोलोन्याच्या फ्रान्चेस्कोच्या कुशल हातांची स्तुती केली आहे. नंतर या वळणाचा अनन्य हक्क मात्र त्यानं व्हेनिसच्या सिनेटकडून स्वतःच्या नावे मिळवला. ग्रिफो निघून गेला. 1503 मध्ये सोन्चिनो या मुद्रकानं आपण छापलेल्या, पेत्रार्क या कवीच्या पुस्तकाच्या अर्पणपत्रिकेत लिहून ठेवलं की या अक्षराचा खरा कर्ता फ्रान्चेस्कोच, श्रेय लाटलं आल्डसनं. युरोपनं त्या वळणाला ना ग्रिफोचं नाव दिलं ना आल्डसचं; इटलीचं दिलं. खुद्द इटलीत त्याला ‘कोर्सिव्हो’, धावतं अक्षर, म्हणतात.

क्वचित ही भरपाई होते. बर्मिंगहॅमचा मुद्रक आणि टाइपकार जॉन बास्करव्हिल याच्याकडे सारा ईव्ह्ज घर सांभाळायला आली, नवरा सोडून गेलेला असताना. तो वारल्यावर 1764 मध्ये तिनं बास्करव्हिलशी लग्न केलं. 1775 मध्ये तोही गेला, तेव्हा ओतशाळेचं काम तिनं पुढे चालवलं आणि पंच, साचे, खिळे फ्रान्सच्या बोमार्शेला विकले. त्यांतून व्होल्तेरचं समग्र लेखन छापलं गेलं. 1953 मध्ये ते पंच केंब्रिज विद्यापीठाच्या मुद्रणालयाकडे परत आले. 1996 मध्ये झुझाना लिच्को या आरेखिकेनं बास्करव्हिलच्या अक्षरांवर नवा टाइप बेतला आणि त्याचं नाव ठेवलं ‘मिसेस ईव्ह्ज’.